लसूण उलटा लागला त्याची हकीकत

आदरणीय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमचा उजवा पाय कसा आहे? डाव्याचीही चौकशी करते, कारण एक पाय प्लास्टरमध्ये गेला की सगळा भार दुसऱ्यावर पडतो आणि त्याला मात्र कोणी काही विचारत नाही. दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे असले दुर्लक्षित पाय मी पुष्कळ पाहिले आहेत. प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नका. फूटपट्टीही नको. (खाज सुटणारच. अशा वेळी मन दुसरीकडे वळवावं. हे पत्र त्याच उपचाराचा भाग समजा, म्हणूनच लांबलचक लिहीत आहे.) जिन्यात पाणी सांडून ठेवणाऱ्या त्या शेजाऱ्याला चार शब्द सुनावलेत की नाही? तुमचा स्वभाव सोशीक, म्हणून विचारते. मी असते तर प्लास्टरसकट त्याच्या दारात जाऊन बसले असते.

इकडे आम्ही सर्व ठीक. घर ठीक, चिरंजीव ठीक, मीही ठीक. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी ओरडते असं चिरंजीवांचं म्हणणं आहे. माणूस इतक्या लांब बसलेला, आवाज मोठा नको का काढायला, असं मी विचारते. त्यावर तो नुसता हसतो. म्हणून पत्र.

तुमची लेक तुमच्या शुश्रूषेला आली तेव्हापासून आमचं घर कसं अगदी शांत आहे. (इथेच एक खुलासा करून ठेवते. या पत्रात मी जिथे 'तुमची लेक' म्हणेन तिथे तक्रार समजावी, आणि जिथे 'आमची सून' म्हणेन तिथे कौतुक. बोलतानाही माझी हीच पद्धत आहे. तुम्हाला एव्हाना कळली असेलच.) तर, शांत आहे. कपाटांची दारं धाडधाड लागत नाहीत. मी बातम्या ऐकत असले तर मध्येच कोणी येऊन रेडिओ गाण्यांवर फिरवत नाही. चहात आलं किती घालायचं यावरून सकाळी सकाळी दोन पक्ष पडत नाहीत. घरात माझा शब्द शेवटचा असावा अशी माझी फार वर्षांची इच्छा होती, ती आता पुरी झाली आहे. मी काही बोलले की त्यावर पुढे कोणीच काही बोलत नाही. म्हणजे तो शेवटचाच झाला. माणसाला याहून जास्त सुख कुठलं?

आता मुख्य हकीकत. आमच्या घरामागे ओंजळभर बाग आहे, ती तुम्ही पाहिली आहे. पूर्वी तिथे फक्त माझे डेलिया असत. तुमची लेक लग्न होऊन आली आणि पहिल्याच थंडीत तिने डेलियांच्या शेजारी लसूण लावला. मी म्हटलं, अगं, फुलांच्या पंक्तीला लसूण? तर म्हणाली, "आई, डेलिया फोडणीत घालता येत नाही." त्या दिवसापासून दरवर्षी आमची सरहद्द सरकते आहे. लसूण वीतभर पुढे, डेलिया वीतभर मागे. हल्ली माझे डेलिया कुंपणाला पाठ टेकून उभे असतात, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. बरं, लसूण तरी वाईट यावा! तोही नाही. एकेक गड्डा असा टच्च भरलेला निघतो की बोलायला जागा राहत नाही. आमची सून मग त्यातले सगळ्यात देखणे गड्डे निवडते, त्यांच्या वाळक्या पातीची वेणी घालते आणि स्वयंपाकघराच्या दारामागे पुढच्या लावणीसाठी टांगून ठेवते. त्या वेणीला हात लावायची घरात कोणाची छाती नाही. एकदा पाहुणे जेवायला बसले होते, घरातला लसूण संपला होता, वेणी समोर लटकत होती, तरी मी गपचूप शेजारून लसूण मागून आणला.

यंदा हवा पालटली. सकाळी फरशी पायाला गार लागायला लागली. त्याच सुमारास तुमच्या लेकीचा फोन आला. तुमच्या पायाचं सांगून झालं, माझ्या रक्तदाबाचं विचारून झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "आई, लसूण लावायचे दिवस आले हो. पण जाऊ दे या वर्षी."

जाऊ दे! विहीणबाई, तुमची लेक आणि जाऊ दे? दूधवाल्याच्या मापात घोटभर कमी भरलं तर त्याला गल्लीच्या टोकापासून परत बोलावणारी पोरगी ती. तिच्या तोंडून 'जाऊ दे' ऐकलं आणि मी हातातला फोन ठेवायचीच विसरले. कारण असं बघा, लसूण लावायचा थंडीच्या तोंडावर आणि काढायचा उन्हाळ्याच्या तोंडावर. लावायचं जाऊ दे म्हणजे काढायला ती इथे असेल-नसेल, असाच त्याचा अर्थ होतो ना? (मी नको तिथे अर्थ काढते, असं चिरंजीव म्हणतात. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. त्याला जे नाकासमोर आहे तेवढंच दिसतं, आणि तेही स्वच्छ पुसून ठेवलं तर.)

मी त्याच क्षणी ठरवलं की लसूण लागणार. मी लावणार. आणि तिला न विचारता लावणार. दारामागची वेणी काढली, खुर्ची ओढली आणि बसले. मोठे गड्डे बघितले आणि मनात आलं, इतक्या चांगल्या पाकळ्या मातीत कशाला घालायच्या? मोठ्या खाऊ, बारीक लावू. हा विचार मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. मग मातीत घालायच्या त्या बारीक पाकळ्या मी बसून सोलल्या. एकूण एक. लख्ख. कोंब आतून बाहेर यायचा म्हणजे त्याच्या वाटेत साल कशाला, असा माझा हिशेब. संध्याकाळी चिरंजीव आले, ताटलीभर पांढऱ्याशुभ्र पाकळ्या बघितल्या आणि म्हणाले, "आई, यांना पावडर-कुंकू पण करायचंय का?" मग त्यानेच फोनमध्ये बघून सांगितलं की सोललेली पाकळी जमिनीत कुजते, आणि लावायच्या असतात त्या मोठ्या. म्हणजे सोलायच्या त्या लावायला घेतल्या होत्या आणि लावायच्या त्या खायला.

सोललेला लसूण टाकवेना. आठवडाभर घरात प्रत्येक पदार्थात लसूण पडला. भाजीत पडला, भातात पडला, एकदा नजरचुकीने सरबताच्या भांड्यातही पडला. मला काही नाही, मी घरातच असते. पण चिरंजीवांचा धंदा पडला लोकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन नाकावर चष्मा बसवून बघायचा. गिऱ्हाईकं श्वास रोखून बसायला लागली. एका बाईंनी तर, आता नीट दिसतंय का, असं विचारल्यावर डोळे मिटूनच हो हो म्हटलं आणि बाहेर पळाल्या. दुसऱ्या दिवशी चष्मा बदलायला आल्या, तेव्हा नाकावर रुमाल होता. दुकानाच्या मालकांनी चिरंजीवांना चार दिवस मागच्या खोलीत भिंगं घासायला बसवलं. तो म्हणतो, बरं झालं, तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. (हे मला आवडलं नाही. आमची सून इथे होती तेव्हा हा मुलगा घरी येऊन दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. आता येतो, जेवतो, ताट धुतो, आणि फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारतो. तुमच्याकडे रात्री फोनची घंटा वाजत असेल ती त्याचीच.)

उरलेले गड्डे घेऊन मी दुसऱ्यांदा कंबर कसली. आता वाफा. आमचे शेजारी तुम्हाला आठवत असतील, ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणतो. मी कुदळ घेतलेली त्यांनी भिंतीवरून पाहिली आणि पाच मिनिटांत टेप, दोरी आणि खुंट्या घेऊन हजर झाले. म्हणाले, "वहिनी, ओळ वाकडी गेली की पुढचं सगळंच वाकडं." मी म्हटलं, लसूण लावतेय, रेल्वे नाही. पण त्यांना निवृत्तीनंतर मोजायला काही मिळालेलं नव्हतं. सकाळभर त्यांनी दोऱ्या ताणल्या, एक डोळा मिटून बघितलं, मला दोनदा खुंटी धरून उन्हात उभं केलं. आणि मग एकाएकी गंभीर झाले. टेप गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, एक अप्रिय गोष्ट आहे."

मी खुंटी खाली ठेवली. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. भिंत गेली. माझी चार बोटं जागा तुमच्या बाजूला आहे. म्हणजे बघा, तुमची शेवटची ओळ कायद्याने माझ्यात येते."

मी म्हटलं, मग त्या ओळीला पाणी तुम्ही घाला. ते म्हणाले, हा थट्टेचा विषय नाही. मी म्हटलं, लसणाचाही नाही. झालं. ते टेप घेऊन तिकडे, मी कुदळ घेऊन इकडे, आणि मध्ये ती गुन्हेगार भिंत. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी रिकामा कप हातात घेऊन ते फाटकाशी उभे. मी म्हटलं, काय, मोजमापात आणखी काही निघालं का? तर मान खाली घालून म्हणाले, "चार बोटांचं मला फार वर्षांपासून माहीत आहे, वहिनी. तुमच्या सुनेला मी तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, काका, मग रोज संध्याकाळी तुमच्या जागेत बसून चहा घेत जा. खुर्ची बरोब्बर त्या चार बोटांवर ठेवायची ती. आता कोणी ठेवत नाही."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं! संध्याकाळी मी दिवाणखान्यात बातम्या ऐकत असायची आणि मागे हे महाशय स्वतःच्या चार बोटांच्या जहागिरीत बसून आमच्या घरचा चहा पीत असायचे. खुर्ची आणून ठेवली. बसले. चहा पिऊन म्हणाले, आलं जरा जास्त पडलंय. ते मी तिच्या हाताने पडतं तेवढंच घातलं होतं.

तर लावणी. पाकळीला एक बाजू निमुळती असते आणि एक बोथट. मी विचार केला, खिळा ठोकताना टोक खाली असतं. मुळा, गाजर, सगळ्यांचं टोक खाली असतं. मोजणीसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले खुंटीचंही टोक जमिनीतच जातं. दोन वडीलधाऱ्या माणसांचं एकमत झालं म्हटल्यावर आणखी कोणाला विचारायचं? सगळ्या पाकळ्या आम्ही टोक खाली करून ओळीने रोवल्या. दोरीला दोरी लावून. वाफा असा देखणा झाला की मोजणीसाहेब रस्त्याने जाणाऱ्या एक-दोघांना आत बोलावून दाखवत होते.

हात धुवायला मी स्वयंपाकघरात आले. मोरीच्या वर खिडकी आहे, तिथून अख्खा वाफा दिसतो. विहीणबाई, तुम्हाला म्हणून सांगते, त्या खिडकीत मी फार उभी राहिलेली आहे. दरवर्षी लावणीच्या दिवशी तुमची लेक बाहेर मातीत बसायची आणि मला त्याच वेळी नेमकी भांडी विसळायची असायची. धुतलेली भांडी पुन्हा विसळायची मी. ती गुडघे टेकून, केस कसेतरी वर बांधून, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत एकेक पाकळी खाली ठेवायची आणि वरून अंगठ्याने अलगद दाबायची. मध्येच हात झटकायची, अंगठा तोंडात घालायची. माती खातेस काय, असं मी आतून ओरडायची, तर म्हणायची, "टोक बोचलं हो!"

टोक बोचलं. म्हणजे टोक वर होतं.

नळ तसाच वाहत ठेवून मी बाहेर धावले. वरून भुरभुर पाऊस सुरू झालेला. मातीत बसले आणि एकेक पाकळी उकरून सरळ करायला घेतली. निम्म्या ओळी होईपर्यंत पावसाने जोर धरला, तेव्हा उरलेलं उद्यावर टाकून आत आले. आता इथे मोजणीसाहेबांचा भला स्वभाव आडवा आला. मी भिंतीवरून त्यांना ओरडून सांगितलं होतं की आपण उलटं लावलंय. त्यांना रात्रभर झोप आली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ते खुरपं घेऊन वाफ्यात बसलेले. आणि सरळ कोणत्या ओळी केल्या? मी आदल्या दिवशी केलेल्या त्याच! माझ्या सरळ पाकळ्या त्यांनी भक्तिभावाने पुन्हा उलट्या केल्या. मी म्हटलं, अहो, टोक वर आहे हे दिसलं नाही? तर म्हणाले, चष्मा घरी राहिला. (चिरंजीवांनी त्यांना नवीन चष्मा करून दिला आहे, तो ते जपून ठेवतात.)

मी खाली वाकले. उलट्याचं सुलट करत पहिली ओळ संपवली, दुसरी संपवली, तिसऱ्या ओळीच्या मध्यावर पाठीतून अशी काही कळ आली की मी होते तिथेच थिजले. वर होता येईना, खाली बसता येईना. मोजणीसाहेबांनी चिरंजीवांना हाक मारली, आणि दोघांनी मला, जेवणाचं टेबल दुसऱ्या खोलीत न्यावं तसं, आहे त्या आकारात उचलून पलंगावर आडवं ठेवलं. त्यामुळे तिसऱ्या ओळीत अर्ध्या पाकळ्या सुलट आणि अर्ध्या उलट राहिल्या आहेत, आणि पुढच्या ओळींचं काय झालं ते देवाला ठाऊक. मोजणीसाहेब म्हणतात मी केल्या सगळ्या सरळ. पण ते चष्मा घालून म्हणालेत की न घालता, हे मी विचारलं नाही.

मी पलंगावर असताना वाफ्याचा ताबा मॅनेजरने घेतला. मॅनेजर म्हणजे ते करड्या रंगाचं मांजर. तुमची लेक त्याला सकाळी बशीत दूध घालते आणि ते सगळीकडे फिरून पाहणी करतं, म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. एवढी भुसभुशीत, दोरीने आखलेली, खत घातलेली जागा केवळ आपल्याच सोयीसाठी तयार केली आहे, अशी त्याची समजूत झाली. शेवटी चिरंजीवांनी वाफ्यावर जुना पडदा अंथरला आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पोस्टमन दारातून वाकून बघत हळू आवाजात विचारतो, "घरात कोणी... मागेच पुरलंत का?" सुनेला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं ना त्याने. माझी पाठ सरळ असती तर मी त्याला तिथेच दाखवलं असतं.

हिंडाफिरायला लागल्यावर मी मांजरापासून वाफ्याची राखण करायला सकाळी मागच्या पायरीवर बसायला लागले. हातात काठी, शेजारी चहा. दोन कप आणायची मी. सवय. दुसऱ्यावर झाकणी ठेवायची, आणि गार झाला की डेलियांना ओतायची. मॅनेजरही यायचं, पण त्याने वाफा सोडला होता. ते पायरीच्या खालच्या बाजूला, रिकाम्या बशीजवळ, फाटकाकडे तोंड करून बसायचं. एके दिवशी मी ती काठी बाजूला ठेवली आणि त्याच्या बशीत दूध घातलं. ते प्यायलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. राग आहे त्याला.

याच दिवसांत जेवताना चिरंजीव सहज बोलल्यासारखं बोलले की तिकडे चष्म्याचं चांगलं दुकान नाही म्हणे, कोणी काढलं तर चालेल. मी म्हटलं, चालेल की. आणि वाढायला उठले. वाढायचं काहीच नव्हतं, त्याचं जेवण झालेलं होतं. पण उठले तर उठले. मोरीशी जाऊन उभी राहिले. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. नवऱ्याने बायकोकडे जावं, लेकीने आईकडे राहावं, यात कोणाचं काय चुकलं? मी शहाणी बाई आहे. रात्री अंथरुणावर फक्त एवढंच मनात आलं की दारामागच्या त्या खिळ्याला आता काय टांगायचं.

आणि परवा सकाळी चहाचे कप घेऊन बाहेर आले तर पडद्याखाली काहीतरी टोचत होतं. टेकाडासारखं वर आलेलं, इथे एक, तिथे एक. विटा काढल्या, पडदा ओढला. हिरवे कोंब! सुईसारखे, बोटाच्या पेराएवढे, दवाने ओले. पहिल्या ओळीत अगदी शिस्तीत उभे. तिसऱ्या ओळीत अर्ध्यांचा पत्ता नाही, आणि पुढे कुठेकुठे कोंब आडवे, वळसा घेऊन, मान वाकडी करून, पण वर आलेले. उलटे लावलेले असणार बिचारे. खाली जायला निघाले, वाटेत कळलं की आकाश तिकडे नाही, आणि वळून आले.

मी मागे वळले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "अगं, बाहेर ये! बघ, आला!"

खिडकी उघडी होती. आत नळ ठिबकत होता. पलीकडून मोजणीसाहेबांनी विचारलं, कोण आलं? मी म्हटलं, लसूण.

असो. अशी ही सगळी हकीकत. हसू आलं असेल तर बरं, तेवढाच पायाला विसावा. आमची काहीच काळजी करू नये. तुमची लेक तिथे आहे तोवर तिला मनसोक्त ठेवून घ्या. घाई बिलकूल नाही. हाड जुळायला वेळ लागतो आणि घाई केली तर वाकडं जुळतं, हे मी दवाखान्यात कितीदा पाहिलंय. पोरीकडून पाय चेपून घ्या, गरम गरम खा. चिरंजीवांचा नमस्कार. मोजणीसाहेबांनीही कळवायला सांगितलं आहे की त्यांनी चौकशी केली.

तुमची,
विहीण

ता. क. तुमच्या लेकीने चिरंजीवांना फोन करून तिचा स्वेटर आणि जाड पांघरूण पार्सलने पाठवायला सांगितलं होतं. त्याने पिशवी भरूनही ठेवली होती. मी ती पुन्हा रिकामी केली. स्वेटर धुवायला टाकला आहे. वाळायला वेळ लागेल. आमच्याकडे ऊन कमी पडतं. पांघरूणही धुवावं म्हणते. त्याला तर आणखी वेळ लागेल.

आणखी एक, राहून गेलं ते. मी फार विचार करून लिहिते आहे, तेव्हा वाचूनही फार विचार करू नका. प्लास्टर निघालं तरी डॉक्टर तुम्हाला ते तीन जिने चढू देणार नाहीत, निदान ही थंडी तरी. आमच्याकडे बागेकडची खोली तळमजल्यावर आहे. एक पायरी आहे, तिच्यावर सुताराने फळीचा उतार करून दिला. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला आहे. माझ्या पाठीसाठी म्हणून बसवला, असं मी सगळ्यांना सांगितलंय; तुम्हीही कोणी विचारलं तर तसंच सांगा. लेकीच्या सासरी कसं राहायचं, लोक काय म्हणतील, असलं काही मनात आणू नका. लोकांचं मी बघते. अट एकच, रेडिओवर बातम्या लागतील. त्याचं आपण भांडून ठरवू. तुम्ही भांडत नाही असं ऐकून आहे, पण शिकवीन.

आणि हे शेवटचं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून माझं अक्षरही त्यांच्याच वळणावर गेलं आहे. तुम्हाला ते लागत नाही, चिरंजीवांना लागत नाही. या जगात ते एकाच माणसाला सरळ वाचता येतं. तेव्हा हे पत्र मोठ्याने कोण वाचून दाखवतंय, हे मला पहिली ओळ लिहितानाच ठाऊक होतं. तर सूनबाई, मधलं खिडकीचं तू गाळलं असशील तर परत जाऊन आईंना वाचून दाखव. ते खरं आहे. वाकडे आलेले कोंब उपटायचे की राहू द्यायचे, ते मला कळत नाही. फोनवर सांगू नकोस, येऊन बघ. आईंना घेऊन ये. तिकिटं चिरंजीव काढून आणतील, नाहीतर स्वतःच घ्यायला येतील, तो तयारच बसलाय. एवढं सगळं एका दमात वाचलंस, घसा कोरडा पडला असेल. ऊठ, आधी पाणी पी.